सहा कोटी वर्षांचे केळीचे पान

बाविस्कर सरांना बागेत दगड हवे होते. १९८७ साली जळगावात, मेहरूणकडच्या नव्या वस्तीत, ज्याच्याकडे घर होते त्याच्या अंगणात तुळस, जास्वंद आणि सायकल असे. सरांनी मात्र नाशिकच्या एका विश्रामगृहात दगडांची कलात्मक रास आणि तिच्यात लावलेली निवडुंगे पाहिली होती. त्यांनी जीवराम गवंड्याला सांगितले. जीवरामने चोपड्याकडून एक ट्रॉली दगड आणून अंगणात ओतले आणि "सर, तुमीच लावा कसे पाहिजे तसे," असे म्हणून तो दुसऱ्या कामावर गेला.

चौथ्या दिवशी रास रचताना सरांच्या हातात एक करड्या रंगाचा, पाटाएवढा दगड आला. त्याच्या सपाट बाजूवर पानाचा ठसा होता. मधोमध जाड शीर, आणि तिच्यापासून दोन्ही अंगांना अगदी समांतर निघालेल्या बारीक शिरा.

"केळीचं पान," सरांच्या पत्नी लताबाई म्हणाल्या. "कालच तर असल्याच पानावर वाढलं होतं तुम्हाला."

सरांनी दगड अलगद खाली टेकवला आणि ते भिंग आणायला आत गेले.

सर हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवत. बावीस वर्षांत त्यांनी चमत्कार म्हणून पुढे आलेली एकही गोष्ट चमत्कार राहू दिली नव्हती. शेजारचे भाईदासआबा चोपड्याचे केळीवाले. त्यांनी एकदा शेतात सापडलेला गोल गरगरीत दगड शेषनागाचे अंडे म्हणून देव्हाऱ्यात ठेवला. सरांनी तो सर्वांदेखत हातोडीने फोडला, काळा खडक कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी झिजतो हे समजावून दिले आणि टरफले आबांच्या हातात दिली. आबांनी ती अजून जपून ठेवली होती. सरांचा शब्द म्हणजे पुरावा, अशी गावात ख्याती होती, आणि त्या ख्यातीपलीकडे सरांकडे मिरवण्यासारखे काही नव्हते.

म्हणूनच त्यांनी घाई केली नाही. भिंगातून पाहिले. शाळेतून आणलेल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन थेंब दगडावर टाकले. फेस आला. म्हणजे दगडात कार्बोनेट होते. म्हणजे हा लाव्हाचा काळा दगड नव्हे, गाळाचा खडक. आत बारीक खडे आणि वाळू दिसत होती; म्हणजे नदीचे पात्र. वाळू तापीच्या वाळूसारखीच आहे, हेही त्यांनी अचूक ओळखले. पानाच्या एका कडेला अर्धगोल तुकडा तुटलेला होता. त्याविषयी त्यांनी वहीत लिहिले : 'शाकाहारी प्राण्याचा चावा. प्राणी बहुधा नामशेष.' शेवटी लिहिले : 'लाव्हाच्या थरांमधला गाळ, म्हणून वय सुमारे सहा कोटी वर्षे. अनुमान. पडताळणी बाकी.'

हे टिपण त्यांनी शिक्षकांच्या खोलीत एकालाच, विश्वासाने वाचून दाखवले. रविवारी ते एका स्थानिक साप्ताहिकात आले. जागेअभावी शेवटचे तीन शब्द गाळले होते.

सर्वांत आधी भाईदासआबा आले. ते हिशेब चुकता करायला आले होते, हे त्यांच्या चालीवरूनच कळत होते. सर भिंग घेऊन दगडावर वाकलेले पाहून ते दारातच थांबले.

"आमना दगडले हातोडी, आन तुमना दगडले भिंग," ते म्हणाले. "हाऊ कोनता न्याय शे, सर?"

"आबा, हे केळीचं पान आहे. दगड झालेलं."

आबा वाकले. त्यांनी शिरांवरून बोट फिरवले. चाळीस वर्षे केळी लावणाऱ्या माणसाला ते पान परके वाटणे शक्यच नव्हते. ते हळूच पायरीवर टेकले.

"म्हंजे आमनी केय सहा कोटी वरीसनी शे?"

"अंदाजे."

"अंदाजे ऱ्हाऊ द्या. सहाच धरा." आबा उठले. "आते जामनेरवाल्यास्ले इचारा, त्यासना कापूस किती वरीसना शे."

आठवड्याभरात चोपड्याहून दोन जीपगाड्या भरून माणसे आली. दगडाला टेबल मिळाले, टेबलाला कापड मिळाले. बागाइतदारांनी ठराव केला, की सरांचा जाहीर सत्कार सरांच्याच अंगणात करावा, कारण दगड हलवणे धोक्याचे. पडताळणीसाठी पुण्याच्या तज्ज्ञाला पत्र लिहू, असे सर म्हणाले, तेव्हा आबांनी विचारले, की पुण्यात केळी होते का. सरांना 'नाही' म्हणावे लागले आणि विषय संपला.

सत्काराच्या आदल्या दिवशी सकाळी जीवराम आला. मांडवाच्या खांबासाठी खड्डे करायचे होते. टेबलावरचे कापड दूर करून त्याने दगड पाहिला आणि तो मनापासून हसला.

"सर, हाऊ तं छगनभाऊना मोटरना वट्टा शे."

"कशावरून?"

"मीच कया व्हता ना, तीन वरीस पहिले. खाले केयना पाने टाकेल व्हतात. नहीतं जमीन सिमिटनं बठ्ठं पानी पी लेस." चोपड्याकडच्या शेतकरी छगनने पाण्याची मोटर दुसऱ्या विहिरीवर नेली, तिच्याखालचा जुना ओटा फोडला, आणि त्याचे तुकडे ट्रॉलीच्या तळाला गेले, असेही त्याने सांगितले.

सरांनी एक शेवटचा प्रयत्न केला. त्यांनी पानाच्या तुटलेल्या कडेवर बोट ठेवले. "आणि हे?"

"ते छगनभाऊनी बकरीनी खादं."

सर आत जाऊन खुर्चीवर बसले. आम्ल सिमेंटवरही फेसाळते, हे ते दरवर्षी नववीला शिकवत. लताबाईंनी चहा पुढे ठेवला. जीवराम भला माणूस आहे, तो बोलणार नाही, आणि दगड तर नाहीच नाही, असे त्यांनी समजावले. सर म्हणाले, "पण मला माहीत आहे ना."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. सर उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगितले : हे सिमेंट आहे. वय तीन वर्षे. चूक माझी. बावीस वर्षे दुसऱ्यांना जे ऐकवले, ते आज मलाच लागू आहे.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढा मोठा माणूस आणि किती विनय, असे मागच्या रांगेत कोणी तरी म्हणाले. सरांनी पुन्हा सांगितले. टाळ्या वाढल्या. मग भाईदासआबा उठले आणि शेषनागाचे अंडे फुटल्यापासून जे शब्द परत करायची वाट पाहिली होती, ते शांतपणे उच्चारले.

"पुरावा शे का, सर?"

प्रश्न रास्त होता. सरांनी जीवरामला पुढे बोलावले. सर्वांदेखत मांडवाच्या कोपऱ्यात केळीचे पान अंथरले गेले, त्यावर सिमेंट, खडी आणि तापीची वाळू ओतली गेली. दहा दिवस सरांनी स्वतः त्यावर पाणी मारले. अकराव्या दिवशी तीच माणसे, त्याच दोन जीपगाड्यांतून परत आली. जीवरामने लादी उलटी केली आणि पान सोलून काढले.

तीच मधली शीर. त्याच समांतर शिरा. दोन्ही दगड शेजारी ठेवले, तेव्हा फरक फक्त बकरीचा होता.

प्रयोग निर्दोष होता. सरांना भरून आले. त्यांची चूक इतक्या नेटकेपणाने आजवर कोणीच सिद्ध केली नव्हती. आबा एका दगडाकडून दुसऱ्याकडे आणि परत पहिल्याकडे गेले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे सर," ते म्हणाले, "सहा कोटी वरीस पहिलेबी गवंडी व्हतात."

सरांनी तोंड उघडले. पण सभा आता त्यांच्याकडे पाहत नव्हती. सगळ्या माना जीवरामकडे वळल्या होत्या. त्याला दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला. त्याने सिमेंटचे हात धोतराला पुसले, बराच विचार केला आणि खरे तेच सांगितले.

"आमना आजाबी हाऊच धंदा करे."

सभेने हा पुरावा ग्राह्य धरला.