दुर्बीण एक, तारा एक

रकाना १. वस्तूचे नाव.

फॉर्म भरावा तर आम्हीच! संस्थान गेलं, मध्यभारत आला, कचेऱ्या दर उन्हाळ्यात ट्रकांत बसून इंदूरला गेल्या आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला परतल्या, पण माझा एकही फॉर्म कधी परत आला नाही! म्हणून १९५६ च्या सप्टेंबरात, आता मध्यभारतही जाणार, राजधानी भोपाळला होणार, सबब तिकडे काय न्यायचं ते ठरवायला प्रत्येक सरकारी वस्तूचा फॉर्म पाठवा, असा हुकूम निघाला, तेव्हा तात्यासाहेब थेट माझ्या टेबलाशी आले.

तात्यासाहेब म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या आमच्या पंचांग कचेरीचे निरीक्षक. कचेरीत माणसं तीन : ते, मी कारकून कान्होजी आणि चपराशी दौलतसिंह. गच्चीवर पितळी दुर्बीण.

"कान्होबा, दुर्बीण जाता कामा नये. एवढा एक हिवाळा तरी!"

गेले वीस हिवाळे ते एकच तारा बघत होते. शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून त्याचा उजेड वहीत लिहायचे. पहिल्या हिवाळ्यात तो सगळ्यांत मंद होता, मग हळूहळू उजळला, आता पुन्हा उतरत होता. या हिवाळ्यात तो तळाला गेला, तर वीस वर्षांचा फेरा सिद्ध! जगात कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक होणारा माणूस आमच्या कचेरीत बसून डब्यातलं कारलं खात होता!

"फिकीर नको," मी म्हटलं, "असा फॉर्म भरतो की भोपाळवाले उठून सलाम ठोकतील!"

आणि लिहिलं : दुर्बीण एक, तारा एक.

"अरे, तारा कशाला?"

"वजन येतं, तात्यासाहेब!"

रकाना ३. आकार व वजन.
(२ मध्ये कचेरीचा पत्ता होता. तो बरोबर लिहिला. या सगळ्या प्रकरणात तेवढंच बरोबर लिहिलं.)

"सूर्याच्या वीसपट रुंद," तात्यासाहेब सांगू लागले. "वजन मात्र दीडपट."

"दीडपटच? मग एवढा रुंद कसा?"

"फुगलाय रे. तारा म्हातारा झाला की फुगतो, वरून थंडावतो, नारिंगी होतो. आत सगळा विरळ वायू. सरासरी काढली तर आपल्या हवेहूनही विरळ."

मला दौलतगंजातले माझे मामा आठवले. जहागीर गेल्यावरच त्यांचं पागोटं वाढलं होतं. विरळपणा मी गाळला. वजनापुढे लिहिलं : प्रचंड.

रकाना ५. तापमान.

"चार हजार अंश. सूर्यापेक्षा थंड, असंही लिही."

थंड लिहीन तर कान्होजी कसला!

रकाना ४. वस्तू कशी दिसते.
(मुद्दाम मागे ठेवला होता. अजूनही लिहवत नाही.)

"लिही, अंधुक. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही."

मी लिहिलं : तेजस्वी. तसं खोटं नव्हतं हो! जवळ जाऊन बघितलं तर तो सूर्याच्या शंभरपट उजळ आहे, हे त्यांनीच सांगितलं होतं. मधली दोन हजार प्रकाशवर्षं तेवढी मी वगळली.

"फॉर्मच्या पाठीमागे काय छापलंय रे?"

"सूचना असतील. सूचना नवशिके वाचतात!"

रकाना ६. पाहणी.

ऑक्टोबरात वस्तूंची पाहणी करणाऱ्या समितीचे साहेब आले ते भर दुपारी बारा वाजता.

"तारा कहाँ है?"

"ऊपर है, साहब."

साहेबांनी छताकडे बघितलं. मग फॉर्मकडे. मग किंचाळलेच!

"चार हज़ार डिग्री? और रेत की एक बाल्टी तक नहीं?"

दौलतसिंह धावला. चार बादल्या वाळू गच्चीवर चढली आणि दुर्बिणीभोवती मांडली गेली, जणू चौरंगाच्या चार कोपऱ्यांना केळीचे खुंट!

तात्यासाहेबांना राहवलं नाही. "साहब, सच कहूँ? बड़ा धुँधला तारा है. मेरे सिवा उसे कोई देखता भी नहीं."

साहेबांचं पेन थांबलं. शपथेवर सांगतो, थांबलं होतं! त्या क्षणी मी खोकलो असतो तरी चाललं असतं, शिंकलो असतो तरी चाललं असतं. मी बोललो.

"साहब, ये तो इनका संकोच है! पूरे हिंदुस्तान में ऐसा तारा नहीं!"

पेन पुन्हा चालू लागलं.

"तब तो इसे ज़िले में कैसे छोड़ दें?" साहेबांनी फॉर्म उलटा केला आणि मला सूचना वाचून दाखवली. विशेष महत्त्वाची वस्तू राजधानीत न्यावी. किरकोळ, अंधुक, इतरांच्या उपयोगाची नसलेली वस्तू जागेवरच राहू द्यावी.

तात्यासाहेब माझ्याकडे वळले. "हे वाचलं होतंत, कान्होजीराव?"

अकरा वर्षं मी कान्होबा होतो.

रकाना ७.

(कोरा.)

तात्यासाहेबांची वहीही तशीच. नोव्हेंबरात दुर्बीण गेली. तात्यासाहेब रोज संध्याकाळी गच्चीवर जायचे, चार बादल्यांच्या मधोमध उभे राहून वर बघायचे, तारीख लिहायचे आणि पुढे आडवी रेघ ओढायचे. एकदा मीही गेलो.

"फेरा पुन्हा येईलच की, तात्यासाहेब."

"येईल ना. वीस वर्षांनी. मी तेव्हा पंच्याहत्तरीचा."

मी बादलीतली वाळू सारखी करत राहिलो.

शेरा.

मार्चमध्ये, हिवाळा सरल्यावर, भोपाळहून पत्र आलं. पेटी उघडून तपासली. दुर्बीण एक मिळाली. तारा एक कमी आहे. खुलासा करावा.

मी ते तात्यासाहेबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"काय लिहू?" मी विचारलं.

"आता तरी खरं ते लिही."

मी लिहिलं. तारा ग्वाल्हेरातच आहे. अंधुक आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तात्यासाहेबांखेरीज कोणाच्या उपयोगाचा नाही.

आठ दिवसांत उत्तर आलं. इतक्या लवकर माझ्या कुठल्याच कागदाला उत्तर आलं नव्हतं!

खुलासा मान्य. वस्तू जागेवरच राहू द्यावी.