बेस हललाय

परदेशात, हॉर्नबी उपनगरातल्या दामलेकाकांकडे खोली घेऊन मला आठवडाही झाला नव्हता. सकाळी चहा ढवळत ते गंभीरपणे म्हणाले, "बेस हललाय रे." मी फरशी बसवणारा माणूस, त्यात हे भूकंपाचं गाव. बॅटरी घेऊन सरपटत घराखालच्या पोकळीत शिरलो. पाया ठणठणीत होता. हलला होता तो अमेरिकेतल्या उजव्या पक्षाचा बेस, म्हणजे त्यांचे हक्काचे मतदार.

काका पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर. अमेरिका कधी पाहिलेली नाही, पण तिथल्या उजव्यांचं आपसातलं भांडण त्यांच्या हॉलमध्ये मुक्कामाला असतं. एका बाजूला कोटवाले: जुने, शिकलेले, हळू बोलणारे. दुसऱ्या बाजूला टोपीवाले: प्रचाराची टोपी घालून "कारखाने गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात?" असं कोटवाल्यांना विचारणारे. मला तो प्रश्न मनातून पटायचा. पण काका कोटवाले. "मांडणी हवी रे, मांडणी," हे त्यांचं पालुपद. शेजारपाजारची वाटणीही तशीच. कोपऱ्यावरचा डेअरीवाला, म्हणजे इथला किराणा दुकानदार, कोट. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून लग्नाला जाणारा शेजारी टोपी.

माझं शिक्षण विचारलं तेव्हा मी "कॉमर्स" म्हणून मोकळा झालो होतो. खरं तर शाळा नववीत सुटली. ताप आला की मऊ भात करून देणारा घरमालक इतक्या लांब कुठे मिळतो? खरं कळलं तर टोपीवाल्यांत जमा होईन, खोलीही जाईल, या धास्तीने मी बातम्यांना नुसती मान डोलवायचो.

परवा रविवारी त्यांनी टीव्ही बंद केला. "तू कॉमर्सचा नाहीस. शिकलेला माणूस इतकं गप्प ऐकून घेत नाही."

मी सगळं सांगून टाकलं.

"बरं झालं," म्हणत त्यांनी फोन पुढे सरकवला. फोटोत ओहायोतला त्यांचा मुलगा, निखिल. डोक्यावर तीच टोपी. ती पाहून काकांनी त्याला सात मुद्द्यांचं पत्र पाठवलं होतं, उपमुद्द्यांसकट. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद. "मला मांडणीशिवाय लिहिता येत नाही. तू सांग, काय लिहू?"

मी चाचरत म्हणालो, "तिकडे आता थंडी असेल ना? त्या टोपीने कान झाकतात का, विचारा."

"यात मुद्दा कुठे आहे?"

"नाहीये, काका."

त्यांनी तेवढंच लिहिलं.

आज सकाळी मी कामाला निघालो, तर काका दारात. हातात फोन. निखिलचं उत्तर होतं, 'नाही झाकत, बाबा.'

"बेस हललाय रे," ते म्हणाले.

या वेळी बॅटरी शोधली नाही. बूट काढले आणि दोघांचा चहा टाकला.