श्वास मोजणारा तांडेल

जयवंत तांडेल समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, छातीकडे पाहतो. तो श्वास मोजतो. ग्रामसभेत सरपंच तावातावाने बोलत असताना हा मागून म्हणाला, "मिनिटाला अठ्ठावीस. प्रेशर वाढलाय. बसा जरा." सरपंच बसले.

तारापूरच्या एका कारखान्यात तो बावीस वर्षे बॉयलरवर होता. दर तासाला काटा पाहायचा, वहीत आकडा लिहायचा. पंचेचाळिसाव्या वर्षी ती नोकरी सोडून तो जखमी समुद्री कासवांच्या शुश्रूषा केंद्रात मदतनीस म्हणून लागला, तोही उमेदवारीवर. गाव हसले. मीही त्याला मूर्ख म्हणालो.

"मास्तर, बॉयलर गेला तर दुसरा आणतात. कासवाचा स्पेअर मिळत नाय."

पत्नी गेल्यापासून मी सकाळी ओट्यावर एकटाच वर्तमानपत्र वाचतो. केंद्राकडे निघालेल्या जयवंताच्या सायकलची साखळी रोज नेमकी माझ्या फाटकापाशी पडे. "नवी घे," असे मी बजावी. "घेतो," म्हणे. घेत नसे.

उमेदवारी संपत आली असता आमच्याच किनाऱ्याला एक कासव लागले. जाळ्याच्या दोरीने त्याचा पुढचा वल्ह्यासारखा पाय खोलवर कापला होता. आमच्याकडे कासव हा देव. कुंकू लावायचे, नारळ वाढवायचा आणि पाण्यात सोडायचे. जयवंताला जिने वाढवले ती चुलती, हिराकाकी, ताट घेऊन आली. चौघांनी कासव उचललेही. जयवंत आडवा पडला, अक्षरशः, वाळूत.

"देवाला कोंडतोस काय रे मेल्या?"

"काकी, त्याच्या पोटात हवा कोंडलीय. त्याला बुडता येत नाय."

"देव बुडाया पायजे तुला?"

"होय! बुडाला तरच जगल!"

काकीने ताट खाली ठेवले. "तुझ्या हाती मेला ना, तर माझ्या दारात येऊ नको."

केंद्राच्या टाकीत ते कासव पाटासारखे तरंगत राहिले. जयवंत घड्याळ आणि वही घेऊन काठावर बसे. महिना उलटला. एके दुपारी तो धापा टाकत माझ्याकडे आला. "मास्तर, बुडला!"

मी गेलो. कोणी बुडाल्याबद्दल पेढे वाटलेले मी प्रथमच पाहिले. कासव तळाशी स्थिर होते. मिनिटे गेली. मीच श्वास रोखून उभा होतो. मग ते संथपणे वर आले, एक दीर्घ उच्छ्वास टाकून पुन्हा खाली गेले. इतका पुरातन आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी टोपी काढली. का, ते सांगता येणार नाही.

कासवाला समुद्रात सोडण्याच्या दिवशी काकीने नारळ वाढवला आणि पहिला तुकडा जयवंताच्या हातावर ठेवला. पाण्यात उतरताना त्याने आपली वही मला सांभाळायला दिली. कासवाच्या नोंदी वाचता वाचता मी मागच्या पानांवर आलो.

"मास्तर. ओटा. पंधरा. ठीक." दुसऱ्या दिवशी सोळा. ठीक. एकही सकाळ सुटलेली नव्हती. पहिली नोंद माझी पत्नी गेली त्या आठवड्यातली होती. मध्ये एका ठिकाणी लिहिले होते: "चोवीस. ताप असावा. थांबलो." मला आठवले. त्या दिवशी साखळी बसवायला त्याला दुपार झाली होती, आणि मी त्याला आळशी म्हणालो होतो.

तो पाण्यातून वर आल्यावर मी वही परत केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखळी पुन्हा पडली. मी वर्तमानपत्र छातीसमोरून बाजूला केले आणि त्याला नीट मोजता यावे म्हणून स्वस्थ बसलो.