टँगोची रीत

आमच्या गल्लीतले सुभेदार तात्या चहा कधी तोंडाने मागत नसत. साताऱ्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरले की बाकावर ताठ बसायचे आणि गल्ल्यावर बसणाऱ्या मारुतीकडे टक लावून बघायचे. मारुतीने बघितलं की यांची हनुवटी किंचित खाली. गर्दीत त्याचं लक्षच गेलं नाही, तर तात्या चहा न पिता उठून येत.

"आवं, हाक मारायची," मी म्हणायचो.

"हाक मारली की समोरच्याला न्हाई म्हणाय अवघड जातं. रीत म्हंजे रीत."

ही रीत टँगोची. मोठ्या लढाईत तात्या पलटणीबरोबर इटलीत गेले होते. ज्या घरी मुक्काम पडला तिथल्या म्हाताऱ्याने त्यांना हा जोडीचा नाच शिकवला; नाच थोडा, रीत जास्त. बाईला नाचायला तोंडाने बोलवायचं नाही, लांबून नजरेने विचारायचं. तिने नजर दिली तर जायचं. खाली बघितलं तर नको समजायचं, आग्रह करायचा नाही. नाच संपला की तिला तिच्या जागेवर पोचवायचं.

तात्यांनी हे सगळं साताऱ्यात लागू केलं. लग्नात वाढप्याकडे नुसते बघत बसत आणि जिलबीविना उठत.

घरातला मी पहिलाच कॉलेजला निघालो, तेव्हा आमच्यात सांगली कुणी पाहिलेली नव्हती. तात्या माझी ट्रंक घेऊन बरोबर आले. वसतिगृहाच्या दारातून परतले नाहीत. खोलीत येऊन मला कॉटवर बसवलं, एक पाऊल मागे सरले, मान झुकवली आणि गेले. पोरं हसली. मला मात्र त्या परक्या गावात आपली एक जागा झाल्यासारखं वाटलं.

रविवारी संध्याकाळी तात्या बुटांना पॉलिश करत, इटलीहून आणलेली तबकडी फोनोवर लावत आणि अंगणातून बायकोकडे, पारूकाकूंकडे, बघत. काकू ओसरीवर तांदूळ निवडत असायच्या. त्या मान खाली घालायच्या. तात्या अदबीने झुकत आणि हवेला मिठी मारून एकटेच नाचत. कुंपणावरून कुणीतरी विचारायचंच, "तात्या, जोडीदार कुठाय?"

"जोडीदार हाय. मर्जी न्हाई."

इतकी वर्षं हे चाललं. मग एका उन्हाळ्यात काकू तापाने गेल्या.

दिवस झाल्यावर आई आणि मी त्यांच्याकडे गेलो. फोनोवर चादर टाकलेली होती. बोलता बोलता आई म्हणाली, "भावजी, बाजा लागला की पारू सुपाआड पायानं ठेका धरायची. मला म्हणायची, ह्येंनी एकदा चल म्हणावं."

तात्यांनी फोनोवरच्या चादरीचं टोक सरळ केलं. मग म्हणाले, "मी तर दर खेपंला इचारलं. ती खाली बघायची."

"आवं, चारचौघांत नवऱ्याच्या डोळ्याला डोळा कोण लावतं? लाजायची ती."

तात्या उठले. आम्हाला रीतसर आमच्या दारापर्यंत पोचवलं आणि परत गेले.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना हॉटेलात घेऊन गेलो. मारुती सवयीने त्यांच्याकडे बघत उभा राहिला. तात्या मात्र खाली, बाकाच्या फळीकडे बघत होते. तसेच, मान वर न करता म्हणाले, "मारुती, चहा दे रं."

मारुती गल्ला सोडून स्वतःच कप घेऊन आला.