नाखवांच्या गाडीचं पॅकिंग

आमच्या रोडपालीच्या सोसायटीत बाकीचे लोक गाडी पार्क करतात. नाखवा गाडी बांधतात. हिरव्या नायलॉनच्या दोराचं एक टोक बंपरखालच्या हुकाला आणि दुसरं पार्किंगच्या खांबाला. हँडब्रेक उत्तम लागतो, गाडी गिअरमध्ये असते, तरी दोर हवाच. सेक्रेटरींनी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "रातची भरती येते." सेक्रेटरी बराच वेळ कंपाउंडच्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

नाखवा करंज्याचे. उभा जन्म मासेमारीच्या बोटीवर गेला. गुडघे बोलायला लागले तेव्हा मुलानं बोट विकून इथे फ्लॅट घेऊन दिला आणि आपली जुनी लाल गाडी वडिलांच्या हवाली करून तो आखातात गेला. दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण ते फक्त कुरियरवाले वापरतात.

त्यांच्या पत्नी हिराबाई एके काळी करंज्याच्या धक्क्यावर मासळी विकायच्या, आता माझ्या दारासमोरच्या गॅलरीत बसून असतात. गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. हातपाय पुष्कळ सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच. मी रोज नमस्कार करतो आणि त्या माझ्याकडे शिळ्या माशाकडे बघावं तशा बघतात.

दर शनिवारी सकाळी नाखवा हिराबाईंना गाडीत बसवून करंज्याला मासळी आणायला जायचे. वास्तविक आमच्या कोपऱ्यावरच ताजी मासळी मिळते. उरण रस्त्यावरच्या कंटेनरांच्या रांगांतून, आजारी बाईला घेऊन, मूठभर मांदेलीसाठी एवढं लांब का जायचं, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "किनाऱ्याला लागल्यावर बोलू."

आणि एका गुरुवारी गाडी शीळ घालायला लागली. सुरू केली की इंजिन आपोआप चढायचं, आपोआप पडायचं, मध्येच आचके द्यायचं. गॅरेजवाला म्हणाला, ठेवून जा, मंगळवारी देतो. नाखवांचा चेहरा पडला. शनिवार चुकवायचा नव्हता. घरी येऊन त्यांनी बॉनेट उघडलं आणि माझ्या हातात टॉर्च आणि स्टीलची ताटली दिली. सुटतील ते नटबोल्ट झेलणं हे माझं काम.

बिघाड त्यांनी मला समजावून सांगितला. इंजिन नळ्यांतून हवा आत ओढतं. नळ्या आणि इंजिन यांच्यामध्ये एक पॅकिंग असतं. ते फाटलं की बाजूच्या फटीतून हवा घुसते. ही हवा वाईट. पण चांगली हवासुद्धा बाहेरूनच येते. मग दोन्हींत फरक काय, असं मी विचारलं. त्यावर तो ठरलेला किनारा आलाच.

पनवेलच्या दुकानदारानं एवढ्या जुन्या गाडीचं पॅकिंग मागवावं लागेल म्हणून हात वर केले. नाखवा डगमगले नाहीत. भर समुद्रात कुठलं आलंय दुकान? त्यांनी पेढ्यांचं रिकामं खोकं फाडलं, पुठ्ठा इंजिनाच्या तोंडावर धरला आणि कडेकडेनं छोट्या हातोडीनं टकटक करत सगळी भोकं जिथल्या तिथे पाडली. मी थक्क झालो. दोन्ही बाजूंनी ग्रीस फासून त्यांनी नळ्या बसवल्या. शेवटी ताटलीत एक नट उरला. मी तो दाखवला, तर म्हणाले, उरतो एखादा.

गाडी सुरू झाली. मग इंजिनानं पेढ्यांचा पुठ्ठा आत ओढायला सुरुवात केली आणि शिळेची तुतारी झाली.

नाखवा फूटपाथवर बसले. त्यांच्या बोटीत असलं पॅकिंग आठवडाभर टिकायचं. मग म्हणाले, "तो डिझेल होता. त्याला फट चालते. पेट्रोलचं डोकं येगलं." माझं डोकं तर दोन्हींत चाललं नाही. शुक्रवारी ते पनवेलहून पॅकिंग कापायचा खास जाड कागद घेऊन आले. पुन्हा टकटक, पुन्हा ताटली. मी आखूड बोल्टच्या जागी लांब दिला, त्यासाठी शिव्या खाल्ल्या आणि कालचा नट कुठला तेही सापडलं. शनिवारी सकाळी इंजिन गुमान चाललं.

तरी नाखवांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. मी म्हटलं, माझी गाडी न्या. नको म्हणाले, "वास लागंल गाडीला. मंग तुमची बाई तुमाला बोलंल." हे मात्र मला पहिल्या झटक्यात कळलं. शेवटी, वाटेत बंद पडली तर धक्का मारायला म्हणून मीच त्यांच्या मागच्या सीटवर बसलो.

करंज्याला पोचलो. बोटी लागल्या होत्या. नाखवांनी धक्क्याजवळ गाडी उभी केली, हिराबाईंच्या बाजूचं दार उघडून त्यांचे पाय बाहेर सोडले. ओळखीच्या एका कोळणीकडून पैसे देऊन मांदेलीची अख्खी पाटी आणली आणि हिराबाईंच्या पायांशी ठेवली. मग गाडीला वळसा घालून पलीकडून परक्या माणसासारखे आले आणि पाटीवर वाकले.

"काय बाय, वाटा कसा दिला?"

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

हिराबाईंनी वर पाहिलं. ओठ वाकडा झाला, मान थरथरली आणि घोगरा, तुटका आवाज आला, "तुला... नाय परवडनार. पुढं चल."

नाखवा म्हणाले, मासा शिळा दिसतोय. त्या म्हणाल्या, शिळा तू. नाखवांनी अगदीच पडेल भाव सांगितला. हिराबाईंनी त्यांचं सगळं खानदान काढलं. शब्द अडखळत होते, पण येत होते. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. शेवटी दमून हिराबाई भावात जरा खाली आल्या. भाव अगदी वाजवी होता, म्हणून मी नाखवांना हळूच म्हटलं, आता घेऊन टाका.

त्यांनी मला बाजूला ओढलं. "सौदा जमला का गप होते ती," ते म्हणाले, आणि परत जाऊन पाटीतली एक मांदेली उचलून तिला नावं ठेवायला लागले.