दोनाआधी दहा

शिमग्याची पालखी दुपारी चारला सहाणेच्या चौथऱ्यावरून उठणार होती आणि सकाळी अकरालाच धाकूआबा वेदिकाच्या पडवीत येऊन बसले होते. हातात सुनेचा मोबाईल.

"गो वेदिका, पणज्यापासनं माज्या घराचा मान दुसरा. तुज्या ह्या यंत्रात मी बारावा कसा?"

चव्वेचाळीस घरांच्या त्या वाडीत पालखी कोणाकडे कधी पोचेल हे फोनवर दिसावं, म्हणून गावकीच्या सांगण्यावरून वेदिकानेच ती वेबसाइट बनवली होती. तिने यादी पाहिली. एक नंबरनंतर थेट दहा नंबर. दहा नंबर म्हणजे ते दोघं बसले होते तेच घर.

"आबा, चूक झालीय."

"आणि चुकीला बरोबर तुजंच घर सापडलं?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते आबांना पटण्यासारखं नव्हतं. घर क्रमांकाचा रकाना आकड्यांचा नसून अक्षरांचा होता. अक्षरं डेटाबेस डावीकडून एकेक ताडतो. दहामधला पहिला एक त्याने पाहिला, तो दोनपेक्षा लहान ठरवला आणि दहाला पुढे बसवलं. वेदिकाने चाचणी पहिल्या आठ घरांवर घेतली होती, तेव्हा सगळं चोख आलं होतं.

"पालखी उठायच्या आत यादी सुधारली नाय," आबा शांतपणे म्हणाले, "तर मी दारात पालखी घेणार नाय. आणि गावकीत सांगणार, पोरीनं घरचा मान वाढवून घेतला."

वेदिकाने डेटाबेसला दिलेली सूचना बदलली. अक्षरं नव्हे, आकडे समजून क्रम लाव. पान उघडलं ते पांढरंफटक. वर लाल रंगात एकच ओळ होती: ‘७अ’ हा आकडा नाही.

डेटाबेसला हे आज कळलं, वाडीला नऊ वर्षांपासून माहीत होतं. सात नंबरच्या काशीराम आणि नितेश या भावांनी चुली वेगळ्या केल्या, तेव्हा नितेशने शेवटच्या मानाचा चव्वेचाळीस नंबर साफ नाकारला. मग गावकीने त्याला ७अ दिला. त्या ‘अ’पायीच रकाना अक्षरांचा झाला होता.

तेवढ्यात शिमग्यासाठी गावी निघालेल्यांचे फोन येऊ लागले. "वेदिका, साइट कोरी दिसतेय. आम्ही संगमेश्वरात आहोत. चहा घेऊ की तसेच येऊ?"

"चहा घ्या," ती म्हणाली आणि कामाला लागली. सात आणि आठच्या मध्ये काय येतं? ७.५ येतं. तिने ‘७अ’ पुसून ७.५ लिहिलं. यादी सरळ झाली. आबा दुसरे, तिचं घर आठ-नऊच्या मागे. आबांनी ती दोनदा वाचली आणि ते घरी निघाले.

अर्ध्या तासाने नितेश आला. "माजा नंबर वाच."

"सात पॉइंट पाच."

"मराठीत वाच."

"साडेसा..." वेदिका तिथेच थांबली.

"शिमग्याच्या दिवशी घराला साडेसाती लावलीस. इथं येईस्तवर तिघांनी विचारलं, शनीला तेल घातलंस काय."

"काढते, दादा. पण मग चव्वेचाळीस घ्यावा लागेल. नाहीतर सात, दोघांचा मिळून."

नितेश खांबाला टेकला. "म्हणजे त्याला जाऊन विचारायला लागणार. नऊ वर्षं बोललो नाय आम्ही."

"आता एक वाजलाय. चारपर्यंत वेळ आहे."

अडीचला काशीरामचा फोन आला. "नितेशचा ‘अ’ काढून टाक. एकच ओटी भरतो. आणि त्याला सांग, नारळ मी आणलेत."

"तुम्हीच सांगा ना."

"सांगितलं असतं. पण समोर बसून जेवतोय मेला, मान वर करील तर शपथ."

पालखी मानाप्रमाणे फिरली. सात नंबरच्या अंगणात दोघा भावांनी ती खांद्यावर घेऊन नाचवली. नऊ वर्षं गावकीला जमलं नाही ते यंत्राने केलं, असं लोक म्हणाले. पोर सरळ आहे, असं धाकूआबांनी सहाणेवर चारचौघांत सांगितलं. रकान्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

वेदिकाच्या घरी पालखी साडेसहाला आली. आईने ओटी भरली, नमस्कार केला आणि पालखी अंगणातून वळेपर्यंत उभी राहिली.

"सकाळी आपलं घर दुसरं होतं," मग ती म्हणाली.

"ती चूक होती, आई."

"असू दे. मी पावसच्या आत्याला, मामाला, सगळ्यांना फोन करून साडेचारला बोलावलं. बिचारी दोन तास पडवीत बसली."

"मग काय, दुरुस्त करायचं नव्हतं?"

आईने ताट उचललं. "एवढं शिकवलं तुला," ती आत जाता जाता म्हणाली, "पण एक चूक चारपर्यंत सांभाळता आली नाही."