शांतारामकाका गाडी विकतात

गाडी विकायची असली की लोक गिऱ्हाइकाला गाडी दाखवतात. आमचे शेजारी शांतारामकाका आधी गिऱ्हाइकाचा गोठा बघायला जातात. गोठा म्हणजे गाडी लावायची जागा. वर पत्रा आहे का, पाणी कुठून शिरतं, आसपास कोंबड्या किती, हे सगळं पटलं तरच किमतीचं बोलणं.

काकांची खालापूरच्या अलीकडे वीटभट्टी होती. त्याआधी घरात बैल होते आणि काकांच्या वडिलांनी गोठा बघितल्याशिवाय कधी बैल विकला नाही. "जनावर दिलं म्हंजे संपलं नाय, त्याला चारा कोन घालतो ते बगाया लागतं," हे काकांचं पालुपद. भट्टी जोरात होती तेव्हा त्यांनी ही काळी, लांबलचक परदेशी गाडी घेतली. बारा वर्षांत तिच्यावर ओरखडा नाही. रोज सकाळी काका तिला जुन्या धोतराने पुसतात आणि आत बसायचं तर चपला हातात घ्याव्या लागतात. माझ्या लग्नाची वरात याच गाडीतून निघाली. फोटोत माझ्या गळ्यात हार आणि हातात बूट आहेत.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांचं गाडी चालवणं बंद केलं. बंगळुरूहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, उभी राहून सडेल, विकून टाका." काकांना ते पटलं. गाडी चांगल्या हातात पडली पाहिजे, एवढीच त्यांची अट. मोबाईलवर जाहिरात टाकायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळामास्तर, आणि मास्तरला सगळं येतं असा आमच्या गावाचा समज आहे. मी लिहिलं, 'एकहाती वापर, उत्तम स्थिती.' काकांनी खाली लिहायला लावलं, 'पावसाळ्यात मागचं डावं दार कुरकुरतं. रविवारी जेवायच्या वेळेला यावे.'

लोक येऊ लागले. काकी जाऊन तीन वर्षं झाली, स्वयंपाक काका स्वतःच करतात. येईल त्याला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. जेवण झाल्यावर मी गाडी हाकायची, काका शेजारी, गिऱ्हाईक मागे, आणि निघायचं गोठा बघायला. असे माझे पाच महिन्यांचे रविवार गेले. बायको म्हणाली, "त्यांची गाडी विकली जाईपर्यंत तुम्ही रिटायर व्हाल."

पनवेलच्या एका बिल्डरने टायरला लाथ मारून पाहिली. तो तिथेच बाद. "बैलाला लाथ मारून बगतो का रं कोन?" नेरळचं एक तरुण जोडपं मला पसंत होतं. चार वाजेपर्यंत काकांशी गप्पा मारत बसलं, पण त्यांच्या इमारतीत गाडी जांभळाच्या झाडाखाली लागणार होती. "रंग जाईल तिचा," म्हणून काकांनी हात जोडले. एका दलालाने फोनवरच सांगाल ती किंमत कबूल केली. काका म्हणाले, "न बगता घेतो, तो न बगता टाकतो." मी कपाळाला हात लावला.

मग आले खालापूरचे गुरांचे डॉक्टर. त्यांनी कोणी न सांगता चपला काढल्या, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकला आणि बिरडं दोनदा मागून घेतलं. त्यांचा गोठा तर नमुनेदार. पक्कं छप्पर, कोरडी जमीन, कोंबडी औषधालासुद्धा नाही. काकांनी तीन फेऱ्या मारल्या, कोपरे तपासले, भिंतीवरून हात फिरवला.

"ओल नाय," ते म्हणाले. ऐकणाऱ्याला वाटावं, कोणाच्या घरची वाईट बातमी सांगतायत.

व्यवहार झाला. काकांनी बॉनेटवर कुंकू लावलं, नारळ फोडला आणि गाडी गेली. मी घरी येऊन जाहिरात काढून टाकली आणि मोकळा झालो.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांच्याकडे डोकावलो. काका ओटीवर बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा. आत चार माणसांचं जेवण झाकून ठेवलेलं.

"कोनाचा फोन आला व्हता का रं?"

"नाही काका. जाहिरात काढली ना मी."

"काढलीस व्हय," एवढंच म्हणून ते रस्त्याकडे बघत राहिले.

मला माझीच लाज वाटली. माझे रविवार गेले म्हणून मी कुरकुरत होतो आणि भिंतीपलीकडचा हा माणूस आठवडाभर त्याच दिवसाची वाट बघत होता. मी पाट मांडला आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसलो.

काकांनी निम्मी भाकरी संपवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तरा, तुजी स्कूटर लय जुनी झाली नाय? विकाया काढ. येनारी मानसं मी बगतो."

स्कूटर मी गेल्या पाडव्याला घेतलेली.

"झालीय खरी जुनी," मी म्हटलं. "आजच काढू."